आधी माहिती, मग बँड: फिटनेस ट्रॅकर कंपनीच्या ॲपमधून सोडवून घ्यायचा तर

गुहागरला खालच्या पाटात आमचं घर. पुढे रस्ता, मागे आगर, आगर संपलं की समुद्र. सकाळी सहाला मी आगरातून वाळूवर उतरते, पाऊण तास चालते आणि त्याच वाटेने परत येते. चार वर्षं हे चालणं मनगटावरचा बँड मोजत होता. त्याची कधी अडचण वाटली नव्हती.

गणपतीला भाची मुंबईहून आली आणि तिने तिच्या फोनवर माझा सकाळचा नकाशा काढून दाखवला. मी तिला काही पाठवलेलं नव्हतं. बँडला जोडलेल्या एका ॲपात 'सर्वांना दिसेल' हे बटण पहिल्यापासून चालूच होतं. शहरात हजार माणसं एका रस्त्याने चालतात, त्यांच्या रेघा एकमेकींत मिसळतात. आमच्या आगरातून समुद्रावर जाणारी वाट मात्र फक्त आमच्या घराची आहे. त्या वाटेवरची रेघ म्हणजे मी, आणि सहा ते पावणेसात या वेळात घरात अण्णा एकटे असतात, हेही त्या रेघेत लिहिलेलं होतं.

बँड काढून फेकला असता, पण अण्णांच्याही हातात तसाच बँड आहे. त्यांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून रत्नागिरीचे डॉक्टर दर खेपेला गेल्या काही महिन्यांची विश्रांतीतली नाडी बघतात. म्हणून जुनी माहिती ठेवायची आणि पुढची कंपनीकडे जाऊ द्यायची नाही, असं दोन्ही जमवायचं होतं. ते जमतं. मात्र क्रम चुकला की फसतं. मी पहिल्या खेपेला क्रम उलटा केला आणि माझ्या बँडचे अकरा दिवस गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पुढचं बरंचसं अँड्रॉइड फोनवाल्यांसाठी आहे. आयफोनवाल्यांना दुसरी पायरी उपयोगी पडेल, पाचवी आणि सहावी पडणार नाही.

हाताशी काय हवं

- जुन्या ॲपच्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड. 'गुगलने साइन इन' केलं असेल तर ते कोणत्या गुगल खात्याने, हे आधी आठवून ठेवा.
- ओटीपी ज्या नंबरवर येतो ते सिम चालू स्थितीत. आमच्याकडे निम्म्या लोकांचं खातं मुंबईतल्या मुलाच्या नंबरवर उघडलेलं असतं. मुलाला आधी फोन करा. त्याच्या ऑफिसच्या वेळेत ओटीपी मागत बसू नका.
- लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर, आणि त्यावर लिबरऑफिस किंवा एक्सेल.
- यूएसबी केबल आणि एक पेन ड्राइव्ह.
- कागद आणि पेन. चेष्टा नाही, बँडची 'चावी' (त्याचा लांबलचक पासवर्ड, पाचव्या पायरीत येतो) लिहून ठेवायला लागते.
- एखादी दुपार नीट नेटवर्क. पावसाळ्यात वीज आणि टॉवर एकदमच जातात, म्हणून हे काम चतुर्थीनंतर काढलेलं बरं.

१. कुठे काय साठतंय ते आधी शोधा

बँडची माहिती एकाच ठिकाणी असते असं आपण धरून चालतो. माझ्या बाबतीत ती तीन ठिकाणी होती: बँडच्या कंपनीच्या ॲपात, त्याला जोडलेल्या गुगल फिटमध्ये, आणि भाचीने पाहिलेल्या त्या चालण्याच्या ॲपात. जुन्या ॲपच्या सेटिंग्जमध्ये 'कनेक्टेड ॲप्स' किंवा 'थर्ड पार्टी' असा भाग असतो. त्यातली नावं कागदावर उतरवा. आत्ता काही तोडू नका, फक्त उतरवा.

चालण्याच्या ॲपात मात्र लगेच नकाशा खाजगी करा. स्ट्राव्हा या चालण्या-धावण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपात वाटेचा सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा लपवायची सोय आहे, आणि सगळ्यांच्या एकत्रित नकाशातून स्वतःला वगळायचीही. या एकत्रित नकाशाची गोष्ट जगभर गाजली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्राव्हाने तो नव्याने प्रसिद्ध केला आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या ध्यानात आलं की वाळवंटातल्या लष्करी तळांची रूपरेषा त्यात जवानांच्या धावण्यामुळे उजळून दिसते आहे.

बायकांसाठी एक वेगळी सूचना. पाळीची नोंद त्याच ॲपात असेल तर ती आधी बाहेर काढा. फ्लो नावाच्या पाळीच्या ॲपने वापरकर्त्यांची माहिती बाहेरच्या कंपन्यांना दिल्याचं प्रकरण अमेरिकेच्या व्यापार आयोगापर्यंत गेलं आणि २०२१ मध्ये समझोता झाला. 'ड्रिप' हे मुक्त स्रोताचं (म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता येतो असं) ॲप नोंदी फोनमध्येच ठेवतं, मी आता ते वापरते.

२. सगळी माहिती बाहेर काढा

बँड आधी जुन्या ॲपशी एकदा शेवटचा सिंक करा. कालपर्यंतची पावलं ॲपात दिसली की मग पुढे चला.

*फिटबिट.* गुगलने ही कंपनी घेतल्याचा व्यवहार जानेवारी २०२१ मध्ये पूर्ण झाला. माहिती गुगल टेकआउटमधून निघते. तिथे आधीच सगळ्या खुणा केलेल्या असतात. त्या काढून टाका आणि फक्त फिटबिट निवडा, नाहीतर अख्खे फोटो आणि मेल डाउनलोड होत बसतील. गुगल फिटचंही तिथूनच.

*शाओमी आणि अमेझफिट.* बँड कोणत्या ॲपवर चालतो ते आधी पाहा, झेप, झेप लाइफ की 'मी फिटनेस' (Mi Fitness). झेपमध्ये प्रोफाइलच्या सेटिंग्जमध्ये माहिती एक्सपोर्ट करायची सोय आहे. 'मी फिटनेस'चं शाओमी खात्याच्या प्रायव्हसी पानावरून होतं. येणारी झिप फाइल पासवर्डने बंद असते. तो पासवर्ड जिथे दिसेल तिथून लगेच कागदावर घ्या.

*सॅमसंग हेल्थ.* सेटिंग्जमध्ये 'डाउनलोड पर्सनल डेटा'. फाइली फोनच्याच डाउनलोड फोल्डरमध्ये पडतात, मेलची वाट पाहावी लागत नाही.

*गार्मिन.* वेबसाइटवर खात्यात जाऊन मागणी करायची, लिंक मेलने येते. पण याहून सोपा रस्ता आहे. बरीच घड्याळं केबलने कॉम्प्युटरला लावली की पेन ड्राइव्हसारखी उघडतात आणि आतल्या 'ॲक्टिव्हिटी' फोल्डरमध्ये प्रत्येक फेरीची 'फिट' (.fit) प्रकारची फाइल असते. जुलै २०२० मध्ये सायबर हल्ल्यामुळे गार्मिनच्या सेवा काही दिवस बंद होत्या. तेव्हाही ज्यांना ही केबल माहीत होती त्यांचं काही अडलं नाही.

*ॲपल.* हेल्थ ॲपात वर स्वतःच्या फोटोवर जा, खाली 'एक्सपोर्ट ऑल हेल्थ डेटा'. मोठ्ठी एक्सएमएल फाइल मिळते.

मेलमधली लिंक काही दिवसांनी मरते. आली की त्याच दिवशी उतरवा. घरी रेंज नसेल तर बाजारात जाऊन उतरवा, पण उद्यावर टाकू नका. उतरवलेली झिप लॅपटॉपवर आणि पेन ड्राइव्हवर, दोन्हीकडे ठेवा.

३. फाइल उघडून तारखा तपासा

ही पायरी सगळे गाळतात. झिप आली म्हणजे माहिती आली, असं नाही.

पावलांची फाइल लिबरऑफिसमध्ये उघडा. पहिली तारीख कोणती, शेवटची कोणती, मध्ये महिनेच्या महिने रिकामे नाहीत ना? अण्णांच्या फाइलमध्ये एक एप्रिल आणि मे पूर्ण कोरे निघाले. मी घाबरले. मग आठवलं, त्या उन्हाळ्यात चार्जरच्या पिना खाऱ्या हवेने हिरव्या पडल्या होत्या आणि बँड कपाटात होता. तरी पाहून ठेवलेलं बरं, कारण खातं बंद केल्यावर पाहायला काही उरत नाही.

आता वेळेचा घोळ. पहिल्यांदा फाइल उघडलीत की वाटेल आपण रात्री साडेबाराला समुद्रावर चालत होतो. तसं नाही. बऱ्याच फाइलींमध्ये वेळ ग्रिनिचची असते, आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. सकाळचे सहा तिथे ००:३० दिसतात आणि तारीख बरोबर असते. पहाटे पाचला उठणाऱ्याची तारीखही एक दिवस मागे जाते. वेळेच्या रकान्यात साडेपाच तास मिळवा. पण सरसकट नको, कारण एकाच झिपमध्ये एका फाइलची वेळ आपली आणि दुसरीची ग्रिनिचची, असंही असतं. ज्या दिवशी तुम्ही काय केलं ते पक्कं आठवतं असा एखादा दिवस घेऊन ताडून पाहा. मी विसर्जनाचा दिवस घेतला.

काही फाइलींत वेळेच्या जागी नुसता १० आकडी नंबर असतो. ते १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद. त्याला ८६४०० ने भागा, २५५६९ मिळवा आणि रकान्याला तारखेचं रूप द्या, की तारीख दिसते. साडेपाच तास इथेही मिळवायचे. नंबर १३ आकडी असेल तर आधी १००० ने भागा.

मूळ झिपला हात लावू नका. जे काही करायचं ते तिच्या प्रतीवर.

४. नवं घ्यायचं की हातातलंच चालवायचं

माझं मत सरळ आहे: हातातला बँड चालत असेल तर तोच ठेवा, फक्त त्याचं ॲप बदला. गॅजेटब्रिज नावाचं मुक्त स्रोताचं ॲप शाओमी, अमेझफिट, गार्मिन आणि इतर बऱ्याच कंपन्यांच्या बँड-घड्याळांशी बोलतं. त्याच्याकडे इंटरनेटची परवानगीच नाही. माहिती फोनबाहेर पाठवायची म्हटली तरी त्याला ती पाठवता येत नाही. वचनापेक्षा हे मला जास्त पटलं. तुमचं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का, आणि 'पूर्ण चालतं' की 'अर्धवट', एवढं पाहून घ्या.

नवं घ्यायचंच असेल तर दोन नावं. बँगल-जेएस २ मध्ये जीपीएस आणि नाडी दोन्ही आहेत, आणि हवी तशी छोटी ॲप त्यात टाकता येतात. पाइनटाइम स्वस्त आहे, त्यावर इन्फिनिटाइम ही मुक्त प्रणाली चालते, पण जीपीएस नाही. दोन्ही बाहेरून मागवावी लागतात, तेव्हा कस्टमचा खर्च धरून हिशेब करा. बिघडलं तर चिपळूणच्या दुकानात कोणी हात लावणार नाही.

फक्त चालण्याचं अंतर आणि वाट हवी असेल तर बँडही नको. खिशातल्या फोनवर ओपनट्रॅक्स हे ॲप चालतं, तेही इंटरनेटशिवाय.

५. चावी मिळवा. मी घसरले ती पायरी

शाओमीच्या मी बँड ४ पासून पुढचे बँड आणि बहुतेक अमेझफिट घड्याळं अनोळखी ॲपशी जोडली जात नाहीत. त्यांना एक चावी लागते, 'ऑथ की'. ती ३२ अक्षरांची असते, ० ते ९ आकडे आणि इंग्रजी ए ते एफ. बँड कंपनीच्या ॲपशी पहिल्यांदा जोडला जातो तेव्हा ती तयार होते आणि कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्या खात्यात राहते. म्हणजे कंपनीच्या दारातून सुटायची किल्ली कंपनीकडेच. हसू येतं, पण तसं आहे.

माझी चूक सांगते. मला वाटलं, जुनं नातं आधी तोडावं, मग नवं जोडावं. शहाण्यासारखं वाटतं ना? मी जुन्या ॲपात जाऊन 'अनपेअर' दाबलं. बँड कोरा झाला, आतले अकरा दिवस गेले आणि चावी बाद झाली. पुन्हा जुनं ॲप बसवून, पुन्हा जोडून, नवी चावी काढावी लागली.

म्हणून असं करा:

- चावी कशी काढायची ते गॅजेटब्रिजच्या माहितीपानावर तुमच्या मॉडेलखाली दिलेलं असतं. तिथलीच पद्धत वापरा, ती अधूनमधून बदलते. काही पद्धतींना कॉम्प्युटरवर एक छोटी स्क्रिप्ट चालवावी लागते. घरात कॉलेजची मुलं असतील तर त्यांना बसवा.
- 'इथे ईमेल-पासवर्ड टाका, चावी देतो' म्हणणाऱ्या साइटना, आणि व्हिडिओखाली लिंक असलेल्या बदललेल्या ॲपना लांब ठेवा. गोपनीयतेसाठी निघालो आणि पासवर्डच वाटून आलो, असं नको.
- चावी कागदावर लिहा आणि दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. ८ आणि बी मध्ये अण्णांची आणि माझी अर्धा तास जुंपली होती.
- जुन्या ॲपात 'अनपेअर' दाबायचं नाही. बँडवर 'फॅक्टरी रीसेट' करायचं नाही. फोनवरून जुनं ॲप नुसतं काढून टाका, त्याने चावीला काही होत नाही.

६. गॅजेटब्रिज बसवा आणि जोडा

मूळ गॅजेटब्रिज प्ले स्टोअरवर नाही. ते एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या भांडारातून घ्यायचं. फोन 'अनोळखी स्रोत' म्हणून बजावेल, एफ-ड्रॉइडच्या अधिकृत साइटवरून घेताना ती परवानगी द्या आणि काम झालं की काढून घ्या. प्ले स्टोअरवर बँगल-जेएससाठीची वेगळी आवृत्ती दिसते. तिला इंटरनेटची परवानगी असते, घोटाळा करू नका.

जोडताना फोन लोकेशन मागेल. पत्ता कळवायचा नसतो, पण अँड्रॉइडवर जवळचं ब्लूटूथ उपकरण शोधायला ती परवानगी लागते. यादीत बँड दिसला की त्यावर बोट दाबून धरा, चावीचा रकाना उघडतो. चावी टाका, मागे या, आता साधं टिचकी मारून जोडा.

नाही जोडलं गेलं? दहात आठ वेळा कारण एकच: घरातल्या दुसऱ्या फोनवर जुनं ॲप अजून जिवंत आहे आणि बँड त्याच्याशी बोलतो आहे. अण्णांचा बँड आईच्या फोनला चिकटलेला सापडला.

जोडल्यावर फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये गॅजेटब्रिजला 'निर्बंध नाही' द्या आणि 'ऑटोस्टार्ट' चालू करा. आपल्याकडच्या बऱ्याच फोनांना पार्श्वभूमीतली ॲप मारायची खोड असते. मग दोन दिवसांनी तक्रार येते की झोप दिसत नाही.

काय गमावाल तेही सांगते. घड्याळावरचं हवामान आपोआप येणार नाही, त्यासाठी वेगळं ॲप लागतं. जीपीएसवाल्या घड्याळाला उपग्रह सापडायला वेळ लागेल, कारण उपग्रह कुठे आहेत हे सांगणारी मदतीची फाइल कंपनीचं ॲप गुपचूप भरत असे. ती आता हाताने भरावी लागते, मी तर आगराच्या बांधावर दोन मिनिटं उभी राहते. मित्रमंडळींची पावलांची स्पर्धाही बंद. तसंही नारळ खवायला बसलं की माझी पावलं वाढतात, तेव्हा त्या स्पर्धेत मी कधीच प्रामाणिक नव्हते.

७. जुने आकडे आणि नवे आकडे जुळवून पाहा

जुन्या झिपमधली माहिती गॅजेटब्रिजमध्ये ओतून एकच अखंड आलेख मिळेल, ही अपेक्षा सोडा. जुनं जुन्या फाइलमध्ये, नवं नव्या ठिकाणी. मी लिबरऑफिसमध्ये एक साधा तक्ता केला आहे: तारीख, पावलं, विश्रांतीतली नाडी, झोपेचे तास. जुन्या फाइलीतून हे चार रकाने उचलले, नवे दर रविवारी भरते. ज्या दिवशी ॲप बदललं ती ओळ पिवळी केली आहे.

ती पिवळी ओळ महत्त्वाची. बँड तोच असला तरी झोप आणि विश्रांतीतली नाडी यांचा हिशेब काही वेळा कंपनीच्या ॲपात होत असे. नव्या ॲपचा हिशेब वेगळा. अण्णांची विश्रांतीतली नाडी एका रात्रीत चारने वाढलेली दिसली आणि घरात धावपळ झाली. म्हणून बदलाच्या आठवड्यात रोज सकाळी उठल्याउठल्या, चहाच्या आधी, मनगटावर बोटं ठेवून ३० सेकंद नाडी मोजा, दुप्पट करा आणि तक्त्यात लिहा. बोटांचा आकडा स्थिर असेल तर फरक हिशेबाचा आहे. बोटांनीही वाढ दिसली, किंवा ठोके अडखळताना जाणवले, तर तक्ता बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. बँडची हिरवी लाइट त्वचेखालचं रक्त बघून अंदाज करते. पट्टा सैल असला किंवा हात गार पडला तरी ती चुकते.

डॉक्टरांना हा तक्ता छापून दिला तर ते बघतात. फोन पुढे केला तर वेळ नसतो.

८. आता बॅकअप तुमच्या गळ्यात

कंपनीने एक गोष्ट खरंच चांगली केली होती. फोन समुद्रात पडला तरी माहिती राहत होती. आता नाही. गॅजेटब्रिजच्या 'डेटा मॅनेजमेंट'मध्ये एक्सपोर्ट आहे आणि ठरावीक वेळाने आपोआप एक्सपोर्ट करायचीही सोय आहे. ती पहिल्याच दिवशी चालू करा. ती फाइल फोनवरच पडते, म्हणून महिन्यातून एकदा केबलने लॅपटॉपवर आणि पेन ड्राइव्हवर घ्या. आमच्याकडे लाइट बिलाच्या दिवशी घेतो, म्हणजे विसरत नाही. डेटाबेस साध्या एसक्यूलाइट प्रकारचा आहे. गॅजेटब्रिज उद्या बंद पडलं तरी तो दुसऱ्या साधनाने उघडतो.

ॲपच्या सेटिंग्जच्या बॅकअपमध्ये चावीही असते. ती फाइल व्हॉट्सॲपवर कोणाला पाठवू नका.

९. जुनं खातं सगळ्यात शेवटी

किमान एक महिना थांबा. तक्ता भरतो आहे, बॅकअप उघडून पाहिला आहे, चावी कागदावर आहे, हे तिन्ही झाल्यावरच. मग पहिल्या पायरीतला कागद काढा. जोडलेली ॲप एकेक करून तोडा, नंतर प्रत्येक ठिकाणची माहिती पुसा, नंतर खातं बंद करा. खातं बंद झालं की पुन्हा चावी मिळणं कठीण, म्हणून तो कागद फाडू नका.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. आपली कोणती माहिती कंपनीकडे आहे हे विचारायचा आणि ती पुसायला सांगायचा हक्क त्यात आहे. माहिती दुसऱ्या ॲपात नेता येईल अशा रूपात मागायचा वेगळा हक्क मात्र त्यात नाही. म्हणून आधी काढायची, मग पुसायला सांगायचं. बटणाने काम झालं नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा. त्यात खात्याचा ईमेल, काय पुसायचं आणि कोणत्या तारखेला बटण दाबलं होतं, एवढं पुरतं. बँडचा अनुक्रमांक किंवा आधारची प्रत आपणहून जोडू नका. माझ्या मेलला आधी ठरावीक साच्याचं उत्तर आलं. दुसऱ्यांदा त्याच मेलखाली पुन्हा लिहिल्यावर खातं बंद झाल्याचं कळवणारा मेल आला, तो मी छापून चावीच्या कागदाला टाचून ठेवला आहे.